लाभाचा रकाना

लेक : आई, बाथरूमच्या दाराची कडी कुठे गेली?

आई : गाणं म्हण.

लेक : काय?

आई : आत आहेस तोवर गाणं म्हण, म्हणजे बाहेरच्याला कळतं आत माणूस आहे. सध्या आमच्या घरात हीच पद्धत आहे. माझ्या तर शाळेतल्या सगळ्या कविता पुन्हा पाठ झाल्या.

लेक : मी हात धुऊन आलेच बाहेर. पण कडी काढली कुणी?

आई : तुझ्या तीर्थरूपांनी. बाथरूमची, बेडरूमची, गॅलरीची, माझ्या कपाटाचीसुद्धा. पुढच्या दाराची तेवढी मी आडवी पडून वाचवली. म्हटलं, ही काढायची तर माझ्या अंगावरून जा.

लेक : फोनवर बोलली नाहीस ते.

आई : काय बोलू? ‘चिमे, तुझे वडील कड्या काढतायत’? तू म्हणाली असतीस, आईलाच काहीतरी झालंय. पेपरात ती बातमी आली ना, कोल्ड स्टोरेजच्या दारांचा नियम पुन्हा तुमच्या ऑफिसात आलाय म्हणून? ती वाचली, पेपराची घडी घातली आणि स्क्रूड्रायव्हर मागितला. मला वाटलं पंख्याचं काम काढलंय. मी भोळी, त्यांचं स्टूलसुद्धा धरून उभी राहिले.

लेक : आणि हा फ्रीज का बंद आहे?

आई : त्याचा प्लग मीच काढलाय सकाळी. नाकी नऊ आणलेत गं त्यांनी. उठायचं, फ्रीज उघडायचा, आत बघायचं, लावायचा. पाच मिनिटांनी पुन्हा. आधी वाटलं भूक लागत असेल, म्हणून बिस्किटं बाहेर काढून ठेवली. बिस्किटांना हातसुद्धा लावला नाही. मला म्हणतात, ‘कोणी आत नाही ना, ते बघत होतो.’ फ्रीजमध्ये, चिमे! वांग्यांच्या कप्प्यात कोण बसणार आहे?

लेक : डॉक्टरांना दाखवलंस?

आई : दाखवलं की. डॉक्टरांनी तारीख विचारली, वार विचारला, सगळं घडाघडा सांगितलं. वर त्यांच्याच बिलातली बेरीज चुकलीये म्हणून दाखवून दिली. डॉक्टर म्हणाले, काकू, यांचं डोकं माझ्यापेक्षा बरं आहे. मी म्हटलं, ते चाळीस वर्षं मला माहीत आहे, पण कड्यांचं काय? तर हसले. त्यांच्या घरी आहेत कड्या, त्यांना काय जातंय हसायला.

लेक : आता कुठे आहेत?

आई : आत पडलेत. झोप नाहीच, नुसतं कान लावून पडलेले असतात. तू बस, चहा टाकते. पावडरचा आहे हं, दूध नासलं. तुझा चेहरा का असा उतरलाय?

लेक : ती फाइल माझ्याकडेच आलीये, आई. दारांच्या नियमाची. उद्या समितीपुढे सुनावणी आहे आणि माझं पान अजून अर्धं आहे. साहेब म्हणाले, एवढा विचार कसला करता? तुमच्या वडिलांनी याच नियमाचं पान केलं होतं त्या वेळी. तेच उतरवा, भाव आजचे घाला आणि द्या.

आई : मग उतरव की. त्यांच्या पानात कधी चूक निघाली नाही, असं तुझ्या ऑफिसातले त्यांच्या निरोपाच्या दिवशी मला चार-चारदा सांगत होते.

लेक : चूक नाहीच आहे, आई. तीच तर अडचण आहे.

अप्पा : कोणतं पान?

आई : झालं. कान बघ कसे तिखट आहेत. मी दळण आणा म्हणते तेव्हा मात्र ऐकू येत नाही.

अप्पा : चिमे, कोणतं पान?

लेक : बसा, अप्पा. थंड खोल्यांच्या दारांचं. प्रत्येक दाराला आतून उघडता येईल असं हँडल आणि आत घंटा. तुम्ही केलेलंच.

अप्पा : खर्चाची बाजू नव्याने केलीस का? मी केलं तेव्हा खोल्या कमी होत्या. आता प्रत्येक मंडईच्या मागे एक आहे. जुनी दारं बदलावी लागतील, त्यांना नुसतं भोक पाडून भागत नाही, थंडी सुटते. नवीन दाराचा भाव घ्यायचा.

लेक : घेतलाय. मालकांच्या संघटनेने स्वतःच आणून दिला, तीन वकील आणि एक जाडजूड फाइल. मी त्यातला फुगवटा काढला. तरी मर्यादेच्या वर जातोय.

आई : हे बघा, तुम्ही दोघं असं बोलायला लागलात की मी आपली भिंतीला टेकवलेली चटई. मला समजेल असं सांगा. घर माझंही आहे.

लेक : सांगते. सरकारचं एखादं खातं नियम काढतं. हे करा, ते लावा. ते करायला लोकांना खर्च येतो. आमचं काम एवढंच, की किती खर्च येईल ते एका बाजूला मांडायचं, आणि त्या नियमाने किती वाचेल ते दुसऱ्या बाजूला. नुकसान टळतं, आजारपण टळतं, माणसं वाचतात, त्या सगळ्याची किंमत. खर्चातून लाभ वजा करायचा. उरलेला आकडा मर्यादेच्या खाली राहिला तर नियम आपोआप लागू होतो. वर गेला तर सभागृहाची मंजुरी लागते.

आई : मग द्या की मंजुरी.

लेक : अधिवेशन संपत आलंय आणि मंजुरीला आलेल्या नियमांची रांग दारापर्यंत लागलीये. अधिवेशन संपलं की त्या रांगेतले सगळे मेले. वर गेला म्हणजे गेला, असंच समज.

आई : आणि हा वर जातोय.

लेक : कारण लाभाच्या बाजूला काहीच नाही. अप्पांच्या पानात तिथे शून्य आहे.

अप्पा : नोंद नव्हती. मी सगळी दफ्तरं मागवली होती. थंड खोलीत अडकून मृत्यू, एकही नाही.

लेक : थंड खोलीत माणूस सापडला की डॉक्टर काय लिहितो, अप्पा?

अप्पा : हृदय बंद पडून.

लेक : मरताना कुणाचं चालू राहतं?

अप्पा : ते मला विचारू नकोस. दफ्तरात जे आहे ते पानात येतं. दफ्तरात नसेल तर शून्य. रकाना रिकामा ठेवता येत नाही, बेरीज होत नाही. पहिल्या महिन्यात शिकवतात हे.

लेक : तुम्हीच शिकवलंत मला. नव्या मुलांना अजून तुमचीच पानं दाखवतात. ‘बघा, एक खाडाखोड नाही.’

अप्पा : मग?

लेक : मग मी तिथे दोन लिहिणार आहे.

अप्पा : काय दोन?

लेक : माणसं. वर्षाला दोन. तेवढी लिहिली की आकडा मर्यादेच्या खाली येतो आणि नियम लागू होतो. मी करून बघितलंय.

अप्पा : कोण दोघं? नावं सांग.

लेक : नावं नाहीत.

अप्पा : गाव? वय? कोणत्या खोलीत?

लेक : अप्पा...

अप्पा : उत्तर आधी ठरवलंस आणि त्याच्या मापाची माणसं कापलीस. माझी मुलगी! अगं, मालकांचे वकील उद्या पहिला प्रश्न हाच विचारतील, कोण दोघं. मग तू काय करशील? आणि पुढच्या वेळी खरोखर माणसं मरत असतील, तेव्हा तुझ्या पानावर कोण विश्वास ठेवेल? जे मेले नाहीत त्यांना तू मारून टाकतेस.

लेक : आणि तुम्ही मेलेल्यांना जिवंत ठेवलंत.

आई : चिमे!

लेक : बोलू दे, आई. आठवडाभर मी हे छातीवर घेऊन फिरतेय. माझा दोनचा आकडा खोटा आहे, मान्य. पण शून्य हाही आकडाच आहे ना? तोसुद्धा कुणीतरी मोजूनच आणायला हवा. तुम्ही मोजलात, अप्पा? दफ्तरं मागवलीत, ती टेबलावर बसून. कुठे गेला होतात मोजायला?

अप्पा : गेलो होतो.

लेक : कुठे?

अप्पा : खोलीत.

आई : कोणत्या खोलीत? अहो, कोणत्या?

अप्पा : मंडईच्या मागे होती एक, जुनी. दाराचा भाव काढायचा तर दार बघायला हवं, म्हणून गेलो. मालक म्हणाला, बघा साहेब हवं तेवढं, आणि कुणाचा तरी फोन आला म्हणून बाहेर गेला. जाताना सवयीने दार ओढून घेतलं. त्यांना तशी शिस्तच असते, थंडी सुटू नये म्हणून.

आई : म्हणजे तुम्ही आत होतात.

अप्पा : आत होतो.

आई : आणि दार?

अप्पा : त्याला आतून काही नव्हतं. गुळगुळीत पत्रा. तेच तर बघायला गेलो होतो.

लेक : अप्पा, हे तुम्ही कधी...

अप्पा : मधे बोलू नकोस, माझा क्रम चुकतो. दिव्याचं बटण बाहेरच्या बाजूला होतं. मालकाने जाताना तेही बंद केलं. पहिल्यांदा मला हसू आलं. म्हटलं, चांगली जिरली, आता येईल परत. मग हाका मारल्या. मग वाजवायला लागलो. बुटाने, मुठीने, पेनाने. मला वाटत होतं अख्ख्या मंडईला ऐकू जात असेल, इतका आवाज होत होता आत. कान बसले माझे.

आई : आणि मालक?

अप्पा : विसरला. फोनवरून बोलत बोलत पेढीवर गेला आणि तिथून घरी. त्याला वाटलं साहेब बघून गेले असतील. वाईट माणूस नव्हता.

आई : तुम्ही त्याचं कौतुक नका सांगू मला!

लेक : मग उघडलं कुणी?

अप्पा : एका हमालाचा मफलर आत राहिला होता. तो घ्यायला परत आला. मला बघून घाबरला, मग धरून बाहेर उन्हात बसवलं, चहा पाजला. मी त्याला म्हटलं, बरं झालं बाबा, माझा आवाज तुला ऐकू आला. तर तो म्हणाला, ‘नाही साहेब. आवाज काहीच येत नव्हता. मी आपला मफलरासाठी आलो.’

लेक : काहीच?

अप्पा : काहीच नाही. मी त्याला आत उभं करून वाजवायला सांगितलं, आणि बाहेरून दाराला कान लावला. दार चांगलं असतं गं ते. हातभर जाड. त्याचा भाव उगाच नसतो.

आई : थांबा. हा उन्हाळा होता का? अहो, माझ्याकडे बघा. त्या वर्षी तुम्ही भर उन्हाळ्यात रजई मागितली होती. घरात सगळ्यांच्या अंगाला धारा, आणि तुम्ही रजई मागत होता. मी म्हटलं काय नाटकं आहेत, माळ्यावरून कोण काढणार. तुम्ही म्हणालात, अंग मोडून आलंय. मी जेवायला थांबले होते म्हणून चिडलेली, ताट आपटलं होतं तुमच्यापुढे. तोच दिवस का?

अप्पा : तोच.

आई : आणि तुम्ही गप्प जेवलात.

अप्पा : गरम होतं जेवण.

आई : इतकी वर्षं माझ्या शेजारी झोपताय तुम्ही. दुधाचा हिशोब सांगता, शेजारच्याच्या गाडीचा नंबर सांगता, आणि हे नाही सांगितलंत? मी इथे कुकर लावून बसले होते. माझं कपाळ मोकळं व्हायची वेळ आली होती आणि मी शिट्ट्या मोजत होते!

अप्पा : सांगून काय झालं असतं? तू घाबरली असतीस.

आई : घाबरले असते! त्यासाठीच असते ना बायको! निदान ती रजई तरी काढली असती नीट. फेकली होती मी ती तुमच्या अंगावर.

लेक : आई, पाणी पी. बस जरा.

आई : मला नको पाणी. यांनाच दे.

लेक : अप्पा, मग पानात का नाही घातलंत? तुमच्यावर बेतलं होतं ना?

अप्पा : बेतलं होतं, पण मी मेलो कुठे? जिवंत सुटलेल्या माणसाला रकाना नाही. आणि स्वतःचं पानात घालायचं नाही. ज्याने मोजायचं तोच मोजला गेला तर मोजणी राहिली कुठे? मी बराच विचार केला. साहेबांना सांगितलं असतं तर माझ्याकडून काम काढून घेतलं असतं, आणि कोणीतरी दफ्तरं बघून शून्यच लिहिलं असतं. म्हटलं, शून्यच लिहायचंय तर आपण लिहू, निदान खाडाखोड होणार नाही.

लेक : म्हणून कड्या काढल्यात?

अप्पा : कड्यांचं वेगळं आहे.

लेक : काय वेगळं?

अप्पा : ऐक.

(तिघंही कान देऊन ऐकतात.)

आई : वरचे असतील. त्यांचं सारखं काहीतरी आपटत असतं.

अप्पा : वरचे गावाला गेलेत. किल्ली तुझ्याकडेच आहे.

आई : मग पाइप असेल. फ्रीज तर मी बंद केलाय.

लेक : तुम्हाला तुमचंच ऐकू येत असेल, अप्पा. त्या दिवशीचं.

अप्पा : मलाही तसंच वाटायचं. म्हटलं, आपलाच आवाज आहे, आता कुठे पोचतोय. पण माझं नाही ते, चिमे.

लेक : कशावरून?

अप्पा : मी उभा होतो. शेवटपर्यंत उभाच होतो, दार उघडेपर्यंत. हे खालून येतं.

आई : खालून म्हणजे?

अप्पा : आत अंधार होता ना, तेव्हा हाताने दार चाचपत होतो मी. हँडल नाही ते माहीत होतं, तरी माणूस चाचपतोच. तर पत्र्याला पोचे होते. खांद्याच्या उंचीला, बरेच, जवळजवळ. मी म्हटलं बरोबर आहे, इथेच मीही मारतोय. मग हात खाली नेला. कमरेजवळ होते. ते जरा उथळ. आणखी खाली नेला. गुडघ्याशी होते. आणि मग अगदी जमिनीलगत. तिथे पोचे नव्हते. नुसते ओरखडे.

आई : पुरे. अहो, पुरे.

अप्पा : बाहेर आल्यावर मी मालकाच्या माणसाला विचारलं. तो म्हणाला, खोकी घासतात साहेब. मी ‘बरं’ म्हटलं.

लेक : खोकी खाली खाली कशी घासत जातील?

अप्पा : जात नाहीत. ते मला तेव्हाही कळत होतं. पण पोचे म्हणजे नोंद नव्हे. त्याला ना नाव, ना तारीख. मी काय लिहिणार होतो?

लेक : ‘माहीत नाही’ लिहायचंत.

अप्पा : त्याची बेरीज होत नाही.

लेक : नाही होत. नकोच व्हायला. मी उद्या तेच लिहिणार आहे. दोन खोडते. शून्यही नाही. ‘माहीत नाही.’

अप्पा : साहेब पान परत पाठवतील.

लेक : पाठवू देत. मी पुन्हा तेच देईन. बढतीच्या यादीतून नाव काढतील, काढू देत. यादीत राहून मी हेच करत बसणार असेन तर कशाला हवी बढती?

आई : असं लिहिलं की नियम लागू होईल का?

लेक : तसा लगेच नाही. बेरीज नसलेलं पान आलं की समितीला सुनावणीतच ठरवावं लागतं. सुनावणीत शेवटी पुकारा होतो. तीन वेळा. ‘या नियमाने ज्याचा लाभ होतो असं कोणी हजर आहे का?’ कोणी एक जरी उभं राहून बोललं, तरी समितीला नियम राखून ठेवावा लागतो आणि माणसं पाठवून खरी मोजणी करावी लागते. खोल्याखोल्यांतून. कोणीच उभं राहिलं नाही, तर ‘माहीत नाही’च्या जागी शून्य धरतात.

आई : मग राहील की कोणीतरी उभं.

अप्पा : माझ्या सगळ्या नोकरीत कोणी राहिलेलं नाही.

आई : एकही?

अप्पा : कसं राहणार? ज्यांचं नुकसान होणार असतं त्यांना ते महिनाभर आधी माहीत असतं. ते वकील घेऊन येतात, पुढच्या खुर्च्या धरतात. ज्याचा जीव वाचणार आहे त्याला कुठे माहीत असतं, आपला जीव वाचणार आहे म्हणून? तो त्या वेळी कुठेतरी खोकी उचलत असतो. पुकारा होतो, सगळे आपापल्या घड्याळाकडे बघतात आणि शिपाई दार उघडतो चहासाठी.

लेक : हमालांच्या संघटनेला मी निरोप दिला होता. ते म्हणाले, बाई, मालक बसलेला असणार तिथे. परवा कामावर कोण घेईल? त्यांचंही खरं आहे.

अप्पा : मी येतो उद्या.

लेक : तुम्हाला नाही येता येणार. ज्याने पान केलं त्याला त्याच नियमावर बोलता येत नाही. मलाही नाही. हे कलम कुणी घालून घेतलं होतं, आठवतंय ना?

अप्पा : मीच. निःपक्ष राहावं म्हणून.

लेक : झालं तर मग.

अप्पा : कलम बरोबरच आहे ते.

लेक : तुमचं सगळं बरोबरच असतं, अप्पा! दार बरोबर, भाव बरोबर, कलम बरोबर, शून्य बरोबर. आणि इथे आई बाथरूममध्ये कविता म्हणतेय.

अप्पा : ओरड माझ्यावर. ओरड. मला काही म्हणायचं नाही. मला फक्त एवढंच वाटतं, की मी वाजवत होतो तेव्हा कुणालाच ऐकू येत नव्हतं. आणि आता मला ऐकू येतंय. म्हणजे कुणाचं तरी बाहेर पोचलंय ना? मग मी झोपू कसा? उठून बघायला नको? फ्रीज तर फ्रीज. दुसरं उघडायला माझ्या हातात आहे काय?

लेक : अप्पा. नका ना असं. मी ओरडायला नको होतं. माझाच जीव टांगणीला लागलाय. उद्या मी तिथे बसणार, पुकारा होणार, आणि मला तोंड उघडता येणार नाही. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. आणि मग मी माझ्याच हाताने शून्य लिहिणार. माझ्याकडे पेन तयार ठेवलेलं असतं त्या वेळी.

आई : तिथे बाहेरचं माणूस चालतं का?

लेक : म्हणजे?

आई : म्हणजे नोकरीतलं नाही, संघटनेतलं नाही, वकील नाही. साडी नेसून रिक्षाने आलेलं.

लेक : चालतं. सुनावणी सगळ्यांना खुली असते. पण आई, तू?

आई : का? यांनी पान केलं, मी नाही केलं. मला तर आत्ता चहा होईस्तोवर रकाना म्हणजे काय तेही माहीत नव्हतं. तुझ्या त्या कलमात बायकोला मनाई आहे का?

अप्पा : नाही.

आई : घालायची राहिली असेल.

अप्पा : सुचलंच नव्हतं.

आई : बायकोचं काय सुचतं तुम्हाला.

लेक : आई, ऐक. मोठी खोली असते. पुढे मालक बसलेले, मागे वकील. ते गोड बोलून उलटे प्रश्न विचारतात.

आई : विचारू देत. आणि ह्यांचं सांगावं लागेल, आत कसे राहिले, कुणी काढलं. चालेल ना हो? लोक म्हणतील साहेबांनी लपवलं. तुमची ती बिनखाडाखोडीची पानं.

अप्पा : सांग. पोच्यांचंही सांग.

आई : ते सांगताना मला रडू येईल.

अप्पा : येऊ दे. पण खाली खाली गेलेले, हे नीट सांग. तिथे घाई करू नकोस.

लेक : आई, ते पहिलाच प्रश्न विचारतील, ‘बाई, तुमच्या घरातलं कोण गेलं?’ तिथेच सगळे अडकतात. तू काय म्हणशील?

आई : म्हणेन, कुणी नाही गेलं. आमचे हे घरी आले.